हवेला कान असतात

नेदरलँड्समधल्या एन्सखेडे गावी ट्वेंटे विद्यापीठ आहे. तिथल्या हौशी रेडिओ क्लबच्या जागेत छपरावर एक छोटी अँटेना आहे आणि तिला जोडलेला रेडिओ इंटरनेटवर सगळ्या जगाला खुला आहे. ब्राउझर उघडायचा, पडद्यावर पाझरत राहणारा लघुलहरींचा निळा-पिवळा पट्टा माऊसने सरकवायचा आणि जिथे रेघ उजळ दिसेल तिथे कान लावायचा. एकाच वेळी शेकडो माणसे शेकडो वेगळ्या ठिकाणी ऐकत बसतात, तरी कुणाचा कुणाला अडथळा नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या गप्पा, जहाजांचे संदेश, ४६२५ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षे भुंग्यासारखे गुणगुणणारे एक गूढ रशियन केंद्र, असा इथला नेहमीचा बाजार.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि या बाजारात गर्दी झाली. रशियन तुकड्यांचे आपापसातले बोलणे उघड्या लघुलहरींवर, कुठल्याही कुलुपाविना ऐकू येत होते. घरात बसलेले हौशी लोक ते ध्वनिमुद्रित करत होते, भाषांतर करून एकमेकांना पाठवत होते. खुद्द युक्रेनमध्ये तर स्थानिक हॅमवाले अधिक जवळून ऐकत होते. कीव्हजवळच्या मकारीव्ह गावाभोवती झालेल्या अशा संभाषणांची छाननी करून न्यूयॉर्क टाइम्सने ती प्रसिद्धही केली. इंधन संपले आहे, विमानांची मदत कुठे आहे, असे प्रश्न त्यात होते.

आता यातली गंमत पाहा. रशियन सैन्याकडे ‘आझार्त’ नावाचा चांगला आधुनिक रेडिओ होता. सॉफ्टवेअरवर चालणारा, कूटबद्ध बोलणारा, फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारणारा. पण तो पुरेशा हातांत पोचलाच नव्हता. मग सैनिकांनी जे मिळेल ते उचलले. आपल्याकडे ट्रेकिंगच्या गटांत किंवा बांधकामाच्या साइटवर दिसतात तसले चिनी बाओफेंग हँडसेटही त्यात होते. १९१४च्या ऑगस्टमध्ये टॅननबर्गच्या लढाईआधी याच देशाच्या सेनापतींनी आपल्या हालचालींचे आदेश बिनतारी यंत्रावरून साध्या भाषेत पाठवले होते. जर्मनांनी ते ऐकले आणि एक अख्खी रशियन फौज गारद केली. मधल्या १०८ वर्षांत व्हॉल्व्ह आले, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या.

लष्करी रेडिओच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे लगेच कूटलिपीच्या गणितावर जाते. मला वाटते, नजर चुकते ती तिथेच. सैन्याच्या आजच्या कूटपद्धती गणिताने फोडल्याची उदाहरणे शोधायला गेलात तर फार काही हाती लागणार नाही. चोर कुलूप फोडत बसत नाही. तो कौले काढतो, किल्लीवाल्याला फितवतो, नाहीतर घरातलेच कुणी दार उघडे टाकून जाण्याची वाट पाहतो. आणि रेडिओ जेव्हापासून संगणक झाला, तेव्हापासून या घराला खिडक्याही बऱ्याच वाढल्या आहेत.

रेडिओ संगणक झाला म्हणजे काय, ते आधी पाहू. वरातीच्या बँडमध्ये पूर्वी सनईवाला वेगळा, क्लॅरिनेटवाला वेगळा, ढोलवाला वेगळा असे. आता गाडीवर एक कीबोर्डवाला बसतो. बटण दाबले की सनई, दुसरे दाबले की बासरी. वाद्य तेच, आवाजाची जात आतला प्रोग्राम ठरवतो. जुन्या रेडिओत काम करायची ती वेटोळी, कपॅसिटर आणि क्रिस्टल. एका पट्ट्यासाठी, एका पद्धतीसाठी बनवलेले सर्किट दुसरे काम करत नसे. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, अँटेनाने पकडलेली लहर शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलतात. सेकंदाला लाखो-कोटी वेळा तिची उंची मोजायची आणि ते आकडे प्रोसेसरकडे द्यायचे. पुढचे सगळे, म्हणजे स्टेशन निवडणे, आवाज वेगळा काढणे, चुका दुरुस्त करणे, कूट उलगडणे, हे गणित. पाठवतानाही तेच, उलट क्रमाने. बोलण्याच्या या पूर्ण पद्धतीला रेडिओवाले ‘वेव्हफॉर्म’ म्हणतात. नवा वेव्हफॉर्म चढवला की तोच डबा वेगळा रेडिओ होतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला या अमेरिकी अभियंत्याने ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हे नाव रूढ केले. सैन्याला मात्र त्याची निकड आधीच जाणवली होती. १९८३च्या ग्रेनाडा मोहिमेत अमेरिकेच्या भूदलाचे आणि नौदलाचे रेडिओ एकमेकांशी बोलेनात. अडकलेल्या कुणा सैनिकाने टेलिफोन बूथवरून, स्वतःच्या कॉलिंग कार्डावर, अमेरिकेत फोन लावून तोफांचा मारा मागवला अशी एक दंतकथाही त्यातून जन्माला आली. एकच यंत्र दहा-बारा जुन्या रेडिओंची सोंगे घेईल का, हे पाहण्यासाठी मग ‘स्पीकईझी’ प्रकल्प झाला. २ मेगाहर्ट्झपासून २ गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एका यंत्रात बसवण्याचा. त्यातून हिंमत वाढली आणि १९९७मध्ये सगळ्या दलांसाठी एकच कुटुंब घडवणारा ‘जेटीआरएस’ हा महाप्रकल्प सुरू झाला. अब्जावधी डॉलर खर्चून त्यातला वाहनांवर बसवायचा मुख्य रेडिओ २०११मध्ये रद्द करावा लागला. फार जड, फार महाग, आणि सुरक्षेच्या अटी काम चालू असतानाच बदलत गेल्या. एका पेटीत सगळी वाद्ये कोंबता येतात. एका पेटीत सगळी गुपिते ठेवणे मात्र कठीण, हे तेव्हा कळले.

कठीण का, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या एका प्रसंगात आहे.

१९४३मध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिप्रिंटरचे संदेश कूटबद्ध करणारे एक यंत्र तपासले जात होते. त्याचे गणित अभेद्य होते. पण तिथल्या एका संशोधकाला दिसले, की यंत्राने एक पाऊल टाकले की खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या ऑसिलोस्कोपवर एक टोक उठते. टोकांचे आकार नीट पाहिल्यावर त्यातून मूळ, कूट न केलेला मजकूर वाचता येत होता. लष्कराला हे पटेना. तेव्हा बेलच्या माणसांना न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, लष्करी संदेश केंद्राच्या समोरच्या इमारतीत बसवले गेले. अंतर सुमारे ८० फूट. तासभर त्यांनी हवेतले संकेत टिपले आणि तीन-चार तासांत केंद्रातल्या गुप्त मजकुराचा सुमारे ७५ टक्के भाग लष्करापुढे ठेवला. रिले खटकन उघडतो-मिटतो तेव्हा तोही एक इवलासा रेडिओ असतो, एवढेच त्यामागचे कारण.

तेव्हापासून लष्करी यंत्रांत ‘लाल’ आणि ‘काळा’ असे दोन भाग मानतात. लाल बाजूला उघडा मजकूर: माइकमधून आलेला आवाज, नकाशा, आदेश. काळ्या बाजूला कूटबद्ध झालेले, हवेत सोडायला हरकत नसलेले. दोघांच्या मध्ये कूटयंत्र, आणि लालकडून काळ्याकडे जायला त्याच्याखेरीज दुसरी वाट नाही. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या स्वयंपाकघरासारखा हा प्रकार. वायरींचे मार्ग वेगळे, वीजपुरवठा वेगळा, मध्ये धातूची भिंत. जुन्या काळी रेडिओ आणि कूटयंत्र हे दोन स्वतंत्र डबे असत. सोवळे पाळणे सोपे होते. एसडीआरमध्ये दोन्ही एकाच पेटीत आले, आणि त्यातही चार चॅनेल असतील तर एकावर अतिगोपनीय बोलणे, दुसऱ्यावर साधे, तिसऱ्यावर मित्रदेशाशी. सगळे शेजारी-शेजारी. एका चॅनेलच्या स्मृतीतला तुकडा दुसऱ्याच्या हाती लागला, किंवा एखाद्या प्रोग्रामने कूटयंत्राला वळसा घालून दोन बाइट पलीकडे सरकवले, की संपले. त्यामुळे लष्करी एसडीआरची तपासणी करणारे लोक अल्गोरिदमपेक्षा या भिंतीवर जास्त वेळ घालवतात.

किल्लीची गोष्ट वेगळी. ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३मध्येच लिहून ठेवले होते, की कूटयंत्र शत्रूच्या हाती पडले तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावे. रणांगणावर रेडिओ हरवतात, सैनिक पकडले जातात, हे त्यात गृहीतच आहे. पण किल्लीही गेली तर? १९६७च्या अखेरीस जॉन वॉकर नावाचा अमेरिकी नौदलातला संदेशवहनाचा माणूस सोव्हिएत वकिलातीत गेला आणि किल्ल्यांच्या याद्या विकू लागला. पुढच्याच जानेवारीत उत्तर कोरियाने ‘पुएब्लो’ हे अमेरिकी टेहळणी जहाज पकडले. त्यावरची कूटयंत्रे खलाशांना वेळेत नष्ट करता आली नाहीत. यंत्र एका वाटेने गेले, किल्ल्या दुसऱ्या वाटेने. वॉकर १९८५पर्यंत सापडला नाही. सतरा-अठरा वर्षे अमेरिकी आरमाराचे बोलणे पलीकडे वाचले जात होते आणि या काळात त्या यंत्रांचे गणित कुणीही फोडलेले नव्हते.

म्हणून आजच्या रेडिओत किल्ली कागदावर नसते. ती एका वेगळ्या छोट्या यंत्रातून भरतात, किंवा हवेतूनच, जुन्या किल्लीने गुंडाळून, नवी पाठवतात. एखादा संच शत्रूच्या हाती लागल्याचा संशय आला की बाकीच्यांच्या किल्ल्या बदलायच्या आणि त्याला वाळीत टाकायचे. संचावर एक कळ असते. ती दाबली की आतल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातात. पेटी जबरदस्तीने उघडायला गेले तरी त्या आपोआप पुसल्या जाव्यात अशी रचना असते.

कूट आणि किल्ली एवढ्यावर भागत नाही, कारण रेडिओ ही मुळात दवंडी आहे. पत्र एकाच्या हातात पडते. दवंडी साऱ्या गावाला ऐकू जाते. शब्द कळले नाहीत तरी दवंडी कुठून आली ते कळतेच. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजली की रेघा जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो.

मुंबईला याचा अनुभव आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. हे लष्करी रेडिओच्या अगदी उलटे प्रकरण. मजकूर लपवायचा नव्हताच, तो जास्तीत जास्त कानांवर पडावा हीच इच्छा; लपवायची होती ती फक्त जागा. पोलीस मागावर असल्यामुळे बिऱ्हाड पुन्हापुन्हा हलवावे लागे, आज एका इमारतीत तर काही दिवसांनी दुसऱ्या. असे जेमतेम अडीच महिने निभावले. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि उषाबेन पकडल्या गेल्या. शेवटचा पत्ता पोलिसांना दिला तो ओळखीतल्याच एका तंत्रज्ञाने. म्हणजे दिशाशोधनाने जेरीस आणले आणि फितुरीने पकडून दिले. पुढे १९९६मध्ये चेचेन नेता झोखार दुदायेव उपग्रह-फोनवर बोलत असताना क्षेपणास्त्राने मारला गेला. १ जानेवारी २०२३ला युक्रेनमधल्या माकीव्हका इथे रशियन सैनिकांच्या मुक्कामावर रॉकेटे पडली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ८९ मृत्यू मान्य केले आणि मनाई असताना सैनिकांनी मोबाइल वापरल्यामुळे ठिकाण कळले असे कारण दिले.

जागा लपवायची आणि शत्रूच्या गोंगाटातूनही ऐकू जायचे, यासाठी रेडिओ फ्रिक्वेन्सीवर उड्या मारतो. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी १९४२मध्ये याचे एक पेटंट मिळवले होते. पियानो आपोआप वाजवणाऱ्या भोकांच्या कागदी पट्टीची कल्पना घेऊन ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या. पियानोच्या पट्ट्याही ८८च. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की मी ती टाळणार होतो, पण तिच्यातला तो कागद समजून घेण्यासारखा आहे. दोन्हीकडे तीच पट्टी हवी आणि ती एकाच क्षणी सुरू व्हायला हवी. आजही नेमके तेच लागते. पट्टीच्या जागी एक गुप्त किल्ली आली, आणि क्षणासाठी घड्याळ.

अमेरिकी भूदलाचा ‘सिंकगार्स’ रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमधल्या २३२० वाहिन्यांवर सेकंदाला १११ उड्या मारतो. दोन संचांच्या घड्याळांत सुमारे चार सेकंदांहून जास्त फरक पडला तर त्यांची गाठ पडत नाही. वेळ बहुधा जीपीएसवरून घेतात. म्हणजे शत्रूने जीपीएस बिघडवले तर रेडिओला हातही न लावता रेडिओची गाठ सुटू शकते.

उड्यांच्या वेगाचे गणित मला फार आवडते, कारण त्यात शेवटी प्रकाशाचा वेग आडवा येतो. १११ उड्या म्हणजे प्रत्येक मुक्काम साधारण ९ मिलिसेकंद. तेवढ्यात लहर २७०० किलोमीटर जाते. शत्रूच्या जॅमरला उडी ओळखून त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट ओतायला अंतराची अडचण मुळीच नाही. पूर्वी अडचण होती ती शोधण्याची: दोन हजार वाहिन्या एकेक करून चाळेपर्यंत पक्षी पुढच्या फांदीवर गेलेला असे. पण जॅमरसुद्धा आता एसडीआरच आहे. तो अख्खा ५८ मेगाहर्ट्झचा पट्टा एका दमात आकड्यांत घेतो आणि पक्षी कुठल्या फांदीवर बसला ते लगेच पाहतो. याउलट विमाने आणि जहाजे यांच्यातले ‘लिंक १६’ घ्या. ५१ फ्रिक्वेन्सी, दर १३ मायक्रोसेकंदांनी उडी. इतक्या वेळात लहर चार किलोमीटरही जात नाही. जॅमरकडून येणारा वळसा त्याहून लांब पडला की त्याचा गोंगाट पोचेपर्यंत मुक्काम हललेला असतो. इथे जॅमर कितीही हुशार असला तरी निसर्ग त्याला वाट देत नाही. सॉफ्टवेअरने हल्लेखोराला आणि बचाव करणाऱ्याला एकच हत्यार दिले खरे, पण भौतिकशास्त्र मात्र प्रत्येक वेळी दोघांत सारखे वाटले जात नाही.

हल्लेखोराच्या हातातले हे हत्यार आता किती स्वस्त आहे, याची कल्पना द्यायला हवी. २०१२च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आले, की टीव्ही पाहण्यासाठी विकली जाणारी यूएसबीची एक काडी चिपमधले कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते. हजार-दोन हजार रुपयांत साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झ ऐकणारा रेडिओ झाला. त्याआधी, २००९मध्ये, इराकमधल्या बंडखोरांच्या लॅपटॉपवर अमेरिकी प्रिडेटर ड्रोनचे चित्रण सापडले होते. त्यासाठी त्यांनी वापरलेले सॉफ्टवेअर २६ डॉलरचे. ड्रोनकडून येणारे चित्र कूटबद्ध नव्हतेच, त्यामुळे फोडायचा प्रश्न आला नाही.

आता त्या वाढलेल्या खिडक्यांकडे येऊ. रेडिओची ओळखच प्रोग्राममध्ये असेल, तर जो प्रोग्राम बदलू शकतो तो रेडिओ बदलू शकतो. त्यामुळे चांगल्या लष्करी एसडीआरला सुरू होताना प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीची डिजिटल सही तपासावी लागते, आणि सही नसलेला वेव्हफॉर्म नाकारावा लागतो. पण सहीच्या तळाशी चिप असते, आणि चिपवर विश्वास ठेवावा लागतो. एसडीआरमध्ये एफपीजीए नावाच्या चिप सर्रास वापरतात. सर्किटची रचना त्यांच्यात फाइलसारखी भरता येते. २०२०मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले, की झायलिंक्सच्या एका लोकप्रिय मालिकेतल्या अशा चिपांची ही फाइल, कूटबद्ध असूनही, चिपलाच कामाला लावून उलगडता येते. दोष सिलिकॉनमध्ये असल्याने दुरुस्तीचा अपडेट नाही; चिप बदलणे हाच उपाय.

आणि अपडेटची वाट हीच कधी हल्ल्याची वाट होते. रशियन फौजा शिरल्या त्याच दिवशी, पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाशी बोलणारे युरोपभरचे हजारो मोडेम एकाएकी मेले. युक्रेनचे सैन्यही ही सेवा वापरत होते. हवेत जॅमिंग झाले नव्हते, कूटही फुटले नव्हते. हल्लेखोर एका चुकीने मांडलेल्या व्हीपीएनमधून व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरले आणि तिथून मोडेमना रीतसर हुकूम दिले. मोडेमनी आज्ञाधारकपणे स्वतःची स्मृती पुसली. जर्मनीतल्या ५८०० पवनचक्क्यांशी दूरसंपर्क तुटला तो याच झटक्यात. युद्धाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

पेटी तुमच्या हातात येण्याआधी कुणाकुणाच्या हातांतून गेली, हाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२४मध्ये लेबनॉनमध्ये आधी पेजर आणि दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले, तेव्हा तो साऱ्या जगाला दिसला. पण याची जास्त शांत, जास्त लांबलेली गोष्ट स्वित्झर्लंडमधली आहे. क्रिप्टो एजी ही कंपनी शंभराहून अधिक देशांना कूटयंत्रे विकत असे. १९७०मध्ये ती सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याने मिळून गुपचूप विकत घेतली आणि यंत्रे त्यांना वाचता येतील अशी बनवली. फेब्रुवारी २०२०मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन, स्विस वाहिन्यांनी हे उघडकीस आणले तेव्हा गिऱ्हाइकांच्या यादीत भारत आणि पाकिस्तान, दोघेही होते. ‘स्वदेशी’ हा शब्द आपल्याकडे सभा-भाषणांत इतका घासला गेला आहे, की ऐकताना कान आपोआप बंद होतात. कूटयंत्राच्या बाबतीत मात्र तो भावनेचा नाही, हिशेबाचा शब्द आहे.

भारतीय नौदलाचा एसडीआर याच हिशेबातून आला. डेहराडूनची डील ही डीआरडीओची प्रयोगशाळा, बंगळुरूची केअर, नौदलाची स्वतःची वेसी संस्था, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पुण्यात मुख्यालय असलेली सीडॅक यांनी मिळून ‘एसडीआर-टॅक’ घडवला. जहाजावर रॅकमध्ये बसणारा, चार चॅनेल एकाच वेळी चालवणारा हा संच जहाजे, किनारा आणि विमाने यांच्यात आवाज आणि डेटा नेतो. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच्या हजार कोटींहून अधिक रुपयांच्या खरेदीचा करार झाला. त्याहून महत्त्वाची, पण बातम्यांत कमी गाजलेली गोष्ट २०२५मधली: डीआरडीओने तिन्ही दलांसोबत ‘इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ हे प्रमाण जाहीर केले. एका कंपनीसाठी लिहिलेला वेव्हफॉर्म दुसऱ्या कंपनीच्या पेटीवरही चालावा, हा त्याचा उद्देश. पेटी आज एकाकडून, उद्या दुसऱ्याकडून घेता येईल; तिच्यात बोलली जाणारी भाषा आणि कूट मात्र आपल्याच ताब्यात राहील.

एवढे सगळे करूनही शेवटी कळ दाबणारा अंगठा माणसाचा असतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकी पायदळाला आवाज कूटबद्ध करणारे केवाय-३८ हे यंत्र दिले होते. वजन दहा-अकरा किलो, रेडिओचे वजन वेगळे, शिवाय त्या दमट गरमीत ते तापायचे. सैनिकांनी ते तळावर ठेवून दिले. डिसेंबर १९६९मध्ये एक व्हिएतनामी टेहळणी तुकडी पकडली गेली. तिच्याकडे अमेरिकी रेडिओ होते आणि इंग्रजी संभाषणे हाताने उतरवून घेतलेल्या वह्या होत्या. कूटयंत्र जड वाटले त्याची किंमत त्या वह्यांत लिहिलेली होती.

वजन गेले तरी सवय जात नाही. २०११मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणांचे ‘पी२५’ डिजिटल रेडिओ तपासले. सैन्याचे नव्हेत, पण धडा तोच. कूटाची सोय उत्तम होती, तरी प्रत्येक शहरात रोज सरासरी २० मिनिटांहून जास्त गोपनीय बोलणे उघडेच हवेत जात होते. संचावरचे बटण चुकून उलटे राहायचे, आणि उघडे बोलणेही इतके स्वच्छ ऐकू यायचे की काही चुकले आहे असे कुणाला वाटायचे नाही. एखाद्याकडे नवी किल्ली पोचलेली नसली की त्याच्यासाठी सगळी टोळी उघडी बोलायला लागायची. याच संशोधकांनी मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या एका गुलाबी संदेश-खेळण्याची चिप वापरून ही महागडी यंत्रणा जॅम करता येते, हेही दाखवले. आणि ही ढिलाई हाताखालच्यांनाच लागू असते असे नाही. मे १९९९मध्ये कारगिल पेटलेले असताना जनरल मुशर्रफ बीजिंगहून रावळपिंडीला साध्या फोनवर लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी मोहिमेबद्दल बोलले. ते बोलणे भारताने ११ जूनला जगापुढे ठेवले.

युक्रेनच्या आघाडीवर रेडिओची लढाई आता इतकी दाट झाली आहे, की दोन्ही बाजू पुन्हा तारेकडे वळल्या आहेत. २०२४पासून काही ड्रोन आपल्या मागे केसासारखी बारीक काचेची तार सोडत उडतात, दहा-दहा किलोमीटर. जॅम करायला त्यांत काही नसतेच. लढाई पुढे सरकली की शेतांवर, झाडांच्या फांद्यांवर या तारांची जाळी उन्हात चमकत राहते. खंदकांत टीए-५७ हे सोव्हिएत काळातले हँडल फिरवायचे फील्ड टेलिफोनही परत आले आहेत. तांब्याची तार, बॅटरी आणि एक घंटी. कुणी म्हणेल, तार तरी सुरक्षित. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या ब्रिटिशांनाही तसेच वाटत होते. त्यांच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा प्रवाह ओल्या मातीतून जाई, आणि पलीकडच्या खंदकात जर्मनांनी जमिनीत तांब्याच्या सळया ठोकून, त्यांना अँप्लिफायर जोडून, हेडफोन कानाला लावलेले असत.